अर्धं पाऊल मागं

पळाले, इहीणबाई! आज सकाळी मी पळाले. नहराच्या पाळीवर, बांधावरच्या आपल्या वाटेवर, कडक थंडीत, दोन्ही पायांनी! अजून छाती धडधडते आहे, केस घामानं मानेला चिकटले आहेत, आणि आमच्या घरचे आतून विचारत आहेत की चहा तू ठेवते का मी ठेवू. म्हटलं ठेवा तुम्हीच. मला आधी बेबीबाईंना सांगायचं आहे. ज्या दिवशी पाय पुन्हा पळेल त्या दिवशी पहिली खबर तुम्हाला, असं ठरलं होतं आपलं. तेवढ्यासाठी तुम्ही महिनाभर थांबल्या नाहीत. त्याचा राग आहेच मला, तो मी वेगळा काढीन. पण खबर ती खबर.

तुमच्या मातीच्या दिवशी अंगणात एक बाई शेजारणीला हळूच विचारत होती, "हे एवढी कोण रडून राह्यली वं? बहीण हाये का बेबीबाईची?" शेजारीण म्हणाली, "नाई वं, सुनेची माय हाये. मंदाबाई. पोस्टात होती ना, तेच." सुनेच्या आईनं विहिणीसाठी असा गळा काढावा हे त्या बाईच्या डोक्यात बसेना. माझ्या तरी कुठं बसत होतं! विहीण म्हणजे जिच्यासमोर पदर सावरून बसायचं, जिला पहिला चहा द्यायचा, जिला काय आवडतं काय नाही ते लेकीकडून गुपचूप काढून ठेवायचं. विहिणीबरोबर कोणी पळतं का?

आणि आपली सुरुवात तर काय झाली होती! आठवतं ना? रूपालीच्या लग्नात मी तुमचे पाय धुवायला बसले. पितळी परात, समोर चौरंग, त्यावर मोरपंखी शालू नेसून तुम्ही. मी वाकून पाणी घातलं मात्र, तुम्ही पाय झटकन वर घेतला. "अवो माय! बरफ हाये का पाणी हे?" सगळा मंडप हसला. माघाचा महिना, टाकीचं पाणी, आणि ते तापवायला हवं हे आमच्याकडं कोणालाच सुचलं नव्हतं. मग तुम्ही रुसल्या. तोंड फिरवून बसल्या, आणि गरम पाण्याची बादली येईपर्यंत पंगत खोळंबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी कुठं देऊन बसलो आपण, असं मी यांना म्हटलं होतं. पण त्या गडबडीतही तुमचे पाय मी नीट पाहिले होते. रुंद, टाचांना भेगा, वावरात चालून चालून रापलेले. शालूखाली ते पाय कोणा दुसऱ्याच बाईचे वाटत होते.

दोन्ही घरं सेलूतलीच, तुमचं नहराकडं आणि आमचं बाजाराकडं. त्यामुळं येणंजाणं होतं, पण सगळं तोलूनमापून. तो सगळा मानपान एका एसटीनं मोडला. नातवाच्या बारशाची खरेदी करायला आपण दोघी वर्ध्याला निघालो, स्टँडवर पोचतो तर बस सुटलेली. मी म्हणणार होते की जाऊ द्या, पुढची येईल. तेवढ्यात तुम्ही पदर कमरेला खोचला आणि सुटल्या! पन्नाशी कधीच ओलांडलेली वरमाय भर रस्त्यानं धावते आहे, "थांब रे बापा! अरे थांब!" आणि तिच्या मागं पिशव्या सांभाळत सुनेची आई. पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. कंडक्टरनं घंटी मारली. सीटवर बसल्यावर तुमचा भाता चालूच होता आणि तुम्ही हसत होत्या, असं हसत होत्या की डोळ्यांतून पाणी. "मंदे, लहानपणी पळाली असीन तेवढीच. वावरात चालली, बंडीमागं चालली, जन्मभर चालतच राह्यली. पळाली नाई कधी. मजा आली ना वं!"

मंदाबाईची मंदे झाले मी त्या बसमध्ये. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आमचं फाटक वाजलं.

"चाल."

"कुठं?"

"कुठंच नाई. पळाचं हाये."

मला साखर होती, पाठ होती, पोस्टाच्या खुर्चीवर सगळी नोकरी बसून काढलेलं अंग होतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण विहिणीला नाही कसं म्हणायचं? म्हणून गेले. इहीणबाई, ही खरी गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. मी पळायला लागले ते तब्येतीसाठी नाही, मानासाठी!

आणि तुमचे ते बूट! घरातल्या लेकरांना वाढत्या मापाचं घ्यायचं, हीच सवय तुम्ही स्वतःलाही लावली. वर्ध्याचा दुकानदार हात जोडून सांगत होता, "मावशी, तुमचा पाय आता वाढणार नाही." तुम्ही त्याला म्हणालात, "तुले काय माईत? पळून पळून वाढला तं?" घेतले ते मोठ्ठे बूट, आणि पुढच्या पोकळीत घरच्या वावरातला कापूस कोंबला. वरून मलाच ऐकवलं, "तुह्या बुटात हाये का असा ताजा कापूस?" पुढं कापूस, मागं टाच सैल. त्यामुळं तुम्ही पळू लागल्या की प्रत्येक पावलाला फटक, फटक, फटक. अंगात तुमच्या लेकाची, विनोदची जुनी ट्रॅकपँट, वर लांब सदरा, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. दूधवाले गाडी हळू करायचे. वावरातून कोणीतरी ओरडायचं, "काकू, कोणाच्या मागं लागल्या?" तुम्ही न थांबता म्हणायच्या, "तुह्या!" आणि तो बिचारा खरंच धुऱ्यावरून खाली उडी मारायचा.

पाळीवर मी कायम तुमच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागं. मधली सपाट वाट तुमची, कडेचा उतार माझा. कोणी सांगितलं नव्हतं. मुलीच्या आईचं अंगच तसं वळलेलं असतं हो, दारातून आत शिरताना ती आपोआप थांबते आणि मुलाच्या आईला आधी जाऊ देते. उजवी बाजू मानाची, ती तुमची. तुम्ही रोज टोकायच्या.

"काऊन मागं राह्यते वं?"

"दम लागते."

"खोटं नोको बोलू. तुह्या श्वासाचा आवाज तं येऊन राह्यला नाई मले."

दम लागत नव्हता. कितीतरी दिवस असे होते की पाय आपोआप लांब पडायचे, वाटायचं की आत्ता सुटावं आणि पुलापर्यंत तुमच्या आधी पोचावं. आणि तेवढ्यात आतून लगाम बसायचा. आपल्या लेकीची सासू ती, तिच्या पुढं जातात का? तुम्हाला खरी शर्यत हवी होती आणि मी तुम्हाला ती कधी दिली नाही. यावरून आपण भांडलोय किती! "तू मले हरवत नाई म्हणून मी जिंकत नाई," असं म्हणालात एकदा, तेव्हा मला काही कळलं नव्हतं.

मग कोजागिरीच्या सुमारास माझी डावी नडगी दुखायला लागली. मी बाम चोळला, फडकं बांधलं आणि पळत राहिले. वय झालं, हाडं कुरकुरणारच, असं स्वतःला समजावलं. एका सकाळी पुलाजवळ पायानं सरळ नाही म्हटलं. खाली बसले ती उठताच येईना. दूधवाल्याच्या गाडीवर मला मधात बसवून, मागून धरून तुम्हीच घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्ध्याला हाडांच्या डॉक्टरांकडंही तुम्हीच घेऊन गेल्या.

डॉक्टर तरुण होते, गोड बोलणारे. फोटो उजेडाला धरून म्हणाले की हाडाला केसाएवढी भेग आहे, आणि एकूणच हाडं विरळ होत चालली आहेत, या वयात बायकांची होतात. मग विचारलं की पळता कुठं, कशा. मी सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांनी हाताचा पंजा टेबलावर तिरपा धरला.

"म्हणजे जाताना डावा पाय वावराकडच्या उतारावर?"

"हो."

"आणि येताना नहराकडच्या उतारावर? तेव्हाही डावाच?"

"हो."

"मध्ये सपाट जागा नाही?"

"आहे ना."

"मग तिथून का नाही पळत?"

"तिथून विहीण पळतात."

डॉक्टरांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग शेजारच्या खुर्चीवर तुमच्याकडं. त्यांना हसू आवरेना, पण तुमचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. म्हणाले की रोज एकाच पायाला खाली ठेवून वर्षानुवर्षं पळलात, वरून हाडं अशी, भेग पडणार नाही तर काय होईल. आता तीन-चार महिने पळणं बंद.

बाहेर रिक्षाची वाट पाहत उभ्या होतो तेव्हा तुम्ही फुटल्या. "एवढे वर्स तू वाकड्या पायानं पळत राह्यली? मानापायी?"

"सवय हो."

"आग लागो त्या मानाले! मले सांगाले काय झालतं? मी सरकली असती ना!"

आणि रुसल्या. लग्नातला रुसवा काहीच नव्हता त्याच्यापुढं. तेव्हा गरम पाण्याची बादली आली की मिटला होता. आता तुम्ही बसमध्ये बोलल्या नाहीत, फाटकाशी बोलल्या नाहीत, आणि नंतर किती दिवस आमच्याकडं फिरकल्या नाहीत. मी पाय उशीवर ठेवून पडून असायचे आणि रस्त्यावर फटक फटक ऐकू येतं का म्हणून कान द्यायचे. यांनी विचारलं, "पाय दुखते का?" मी म्हटलं, "पाय नाही, विहीण दुखते."

मग एका सकाळी तुम्ही आल्या. एका हातात पितळी परात, तीच, रूपालीच्या आंदणात आम्ही दिलेली. दुसऱ्या हातात गरम पाण्याचं गुंड, वर मिठाची पुडी. माझ्या खाटेसमोर खाली बसल्या.

"टाक पाय."

"अवो, काहीतरीच काय! तुम्ही वरमाय, माझ्या पायाला..."

"टाक म्हणते ना!"

आणि ओढलाच माझा पाय. पाणी घातलं, दोन्ही हातांनी नडगी शेकायला लागल्या, आणि मान वर न करता म्हणाल्या, "पाह्य. पाणी असं तापवा लागते. लग्नातच शिकाले पाह्यजे होतं तुले." मी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. तुमच्या हातांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. थँक्यू वगैरे आपल्यात कोणी म्हणत नाही, मीही म्हटलं नाही. आज म्हणते. त्या गरम पाण्यासाठी म्हणते.

त्याच बैठकीत तुम्ही अट घातली.

"आता आयक. पाय बरा झाला का मधातून पळाचं. तू पुढं, मी मागं. पह्यले पुलापावतर. अन् जमलं का मंग केळझरच्या गणपतीपावतर."

"असं कसं होईल? मुलीची आई पुढं अन् तुम्ही..."

"होते. नाई तं मी येत नाई. एकटीच पळजो मंग."

"पाहू," म्हटलं मी.

पाहू! एवढंच. त्यानंतर किती वेळा विचारलंत, दर वेळी माझं तेच. हो म्हणायला जीभ वळत नव्हती आणि नाही म्हणायची हिंमत नव्हती.

मग सुरू झाली तुमची रोजची सकाळची बातमी. आमच्या ओट्यावर घामाघूम उभ्या राहून, एक हात कमरेवर ठेवून, "आज तुरी फुलल्या वं, पिवळ्या धम्मक. तुह्यासाठी डोळे भरून पाह्यलं." कधी हरभऱ्यावर दव पडल्याचं, कधी कोल्हा आडवा गेल्याचं, कधी पुलावरच्या म्हाताऱ्यानं माझी चौकशी केल्याचं. माझ्या वाट्याचं पळणं तुम्ही रोज माझ्या ओट्यावर आणून टाकत होत्या. आणि बरोबर, माझ्या साखरेला न जुमानता, डिंकाचे लाडू! डॉक्टरांच्या गोळ्या एका बाजूला, तुमचे लाडू एका बाजूला. हाडाचं माहीत नाही, माझं पोट मात्र भरून आलं. मी कुरकुरले की तुम्ही म्हणायच्या, "उन्हाळ्यात आपल्या वावराले हात जाईन एवढ्या भेगा पडते. बुजते का नाई? टाईम लागते. तुही तं केसाएवढी हाये."

एकदा माझा तोल गेला. तुम्ही त्या दिवशी फार लांब जाऊन आल्या होत्या, तोंडावर असं तेज! मला सहन झालं नाही. म्हटलं, "तुमचं बरं आहे, तुमची हाडं लोखंडाची." तुम्ही ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत वर ओढली. दोन्ही गुडघे सुजून टरारले होते. "हे पाह्य लोखंड. रोज सकाळी भांडते माह्यासंग. मी म्हणते, याचं तं या, नाई तं राहा घरी. मंग येते बापा मागून मागून." आणि हसल्या. त्या दिवसापासून माझी कुरकुर बंद झाली.

तूर सवंगून घरात आली त्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी तुम्ही ओट्यावर होत्या. "गहू गुडघ्याच्या वर आला वं. तू येशीन तवा ओंबीवर राहीन." मी म्हटलं, "लाडू नका आणू आता, दोन ब्लाउज उसवले माझे." "शिवून घे," म्हणालात आणि गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, आणि रूपाली चहासाठी उठवायला गेली तर तुम्ही नव्हत्याच. आपलं शेवटचं बोलणं ब्लाउजवर झालं, इहीणबाई. पण आता वाटतं, बरंच झालं. मोठं काही बोललो असतो तर ते आपलं वाटलं नसतं.

लोकांना काय, तोंडाला कुलूप नाही. "पळून पळून गेली बिचारी." माझ्यासमोर एकीनं म्हटलं हे, तुमच्या अंगणात! मी काय गप्प बसते? "पळून पळून जगली ते!" असं ओरडले की चुलीजवळच्या बाया वळून पाहायला लागल्या. पण रूपाली त्याच दिवशी मला बाजूला घेऊन गेली. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. "आई, आता बस्स. सासू गेली माही. तुही हाडं काचाची झाली म्हणते डॉक्टर. पुन्हा मोडलं तं? झोपून राह्यली तं? मले दोन मायांतून एक तरी ठेव." तिला काय सांगणार होते मी? म्हटलं, "पाहू."

आणि तेरवी! तुम्ही असायला हव्या होत्या, खरंच सांगते. दान द्यायच्या सामानात विनोदनं छत्री आणली, काठी आणली, गादी आणली आणि साध्या चपला आणल्या. मी पाहिल्या आणि माझं डोकंच फिरलं. "चपला? बेबीबाईले? त्या चपला घालून कुठवर जाईन त्या?" भर मंडपात. भटजी थांबले. विनोद उठला आणि गाडी काढून गेला. परत आला तो पळायचे कोरे बूट घेऊन. मी माप पाहिलं. एक नंबर मोठे! लेकरानं वाढत्या मापाचे आणले होते. मी आत गेले, तुमच्या कोठीतला मूठभर कापूस आणला आणि दोन्ही बुटांत पुढं कोंबला, तेव्हा मंडपात हसणं कोणतं आणि रडणं कोणतं काही कळत नव्हतं. दान घ्यायला तुमचे ढेरपोटे भाचे बसले होते. ते बूट पायात घालून उभे राहिले आणि म्हणाले, "मामी मले आता पळवते का काय!" तुमचे जुने बूट मात्र काढायला कोणी धजावलं नाही. दारामागं होते तिथंच राहिले.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी नवा फोटो पाहिला. भेग बुजली! म्हणाले, हाडं विरळ आहेत ती आहेत, पण त्यांना कामाला लावलं नाही तर आणखी विरळ होतील. सपाटीवर जा, थोडं चाला, थोडं पळा, दुखलं की थांबा. रूपाली सोबत होती. तिनं सगळं ऐकलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "डॉक्टर काईही म्हणो. तू जाणार नाई." मी पुन्हा पाहू म्हटलं. आठवडाभर पाहत बसले. पलंगावर बसून पाय खाली-वर, खाली-वर. भीती होती हो, खोटं कशाला बोलू. पाऊल जोरात टाकलं आणि आत पुन्हा तडकन झालं तर? पडले तर कमरेचं हाड जाईल, मग रूपालीलाच माझं सगळं करावं लागेल. पण आज जाग आली तीच पायांत शिवशिव घेऊन. बूट घातले, यांना उठवलं नाही, आणि निघाले.

तुमच्या घरावरूनच रस्ता. रूपाली अंगणात सडा टाकत होती. मी मान खाली घालून भराभर पुढं गेले, तिनं पाहिलं का नाही तेही वळून पाहिलं नाही. नहरावर चढले. गहू ओंबीवर आला आहे, इहीणबाई, तुम्ही म्हणालात तसाच! थोडी चालले. मग म्हटलं, मंदे, टाक पाऊल. टाकलं. दुसरं टाकलं. दुखलं नाही! नडगी गप्प, गुडघे थोडे कुरकुरले, त्यांना मी म्हटलं, याचं तं या मागून. आणि पळायला लागले, अवो, खरंच पळायला लागले, वारा कानात शिरला आणि मला ओरडावंसं वाटलं.

जरा पुढं गेल्यावर लक्षात आलं की डावा पाय खाली पडतो आहे. मी उतारावरून पळत होते. मधली सपाट वाट उजव्या हाताला रिकामी, आणि मी कडेनं, अर्धं पाऊल मागं. कोणाच्या मागं? तुम्ही गेल्या तरी तुमची जागा मी सोडून ठेवली होती. मी थांबले. खूप रडले, कोणी नव्हतं म्हणून मोठ्यानं रडले. मग नाक पुसलं, मधल्या वाटेवर आले आणि पुन्हा सुटले.

आणि मागून आवाज आला.

फटक. फटक. फटक.

वळून पाहायची हिंमत होईना. पाय पळतच होते. आवाज जवळ येत होता, प्रत्येक पावलाला, तसाच, टाच सैल असलेला.

"आई! थांब वं आई! आई!"

रूपाली होती. हाताला सड्याचं शेण तसंच, साडी खोचलेली, लालबुंद, धापा टाकत, आणि पायात तुमचे जुने बूट. मला पाहून तशीच धावली, दारामागं हाताला आले ते पायात घातले. माझ्या जवळ आली आणि माझ्या डाव्या हाताला, उतारावर, अर्धं पाऊल मागं लागली. पोरीचंही अंग तसंच वळलेलं.

मी कडाडले, "कडेनं नोको! मधात ये!"

"मधात तू हायेस ना!"

"मंग माह्या मागं पळ!"

"अन् पडली तं?"

"तं उचलजो!"

ती इतकी चिडलेली होती, मला वाटलं आता हात धरून घरी ओढत नेते. मग तिनं खाली आपल्या पायांकडं पाहिलं. आवाज एकदम हळू झाला. "सैल हाये वं हे."

"पुढं कापूस हाये का?"

"हाये."

"मंग पळ."

ती माझ्या मागं आली. मी पाऊल टाकलं, लांब, पोटातून येणारं, आजवर कधीच टाकलं नाही तसं. पूल दिसत होता. मी लगाम बसायची वाट पाहिली, तो बसलाच नाही. इहीणबाई, तुमच्या त्या अटीचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते मी पुलावर पोचता पोचता मोठ्यानं दिलं. हो म्हटलं. हो! रूपालीला वाटलं मी तिच्याशी बोलते आहे. "काय झालं?" तिनं विचारलं, पण ती थांबली नाही आणि मीही थांबले नाही. फटक फटक मागून येत होतं, आणि मी, अवो माय, पुढं होते.